लाल दोऱ्याचा कप

आमच्या चाळीतल्या खोलीत मोरीच्या कट्ट्यावर एक कप वेगळा ठेवलेला असे. आईने त्याच्या कानाला लाल दोरा बांधला होता. चुकून कुणी त्यातून चहा पिऊ नये म्हणून. तो कप माझ्या ताईचा होता. ताईला टीबी झाला होता.

साल १९८६. आमचे बाबा गिरणीत रिंग खात्यात कामाला होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि बाबांची नोकरी गेली ती गेलीच. पुढे ते नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करीत. एका खोलीत आम्ही आठ माणसे. खिडकी एकच, तिच्यावर कपाट टेकवलेले. आधी बाबा जेवत, मग भाऊ, आणि उरेल ते आई आणि ताई वाटून खात. ताई तेव्हा एकोणीस वर्षांची होती. शर्टांना बटणे लावण्याच्या कामाला जाई. तिला खोकला लागला. संध्याकाळी अंग तापू लागले. ब्लाऊज ढिले होऊ लागले. दोन महिने आम्ही आल्याचा रस आणि मध यावरच काढले.

शेवटी दवाखान्यात थुंकी तपासली, एक्सरे काढला. त्या काळी ताईला सांगितलेला उपचार दीड वर्षाचा होता. आधी इंजेक्शने, मग गोळ्या. आईने आम्हा सर्वांना बजावले, "चाळीत कुणाला बोलायचं नाही. न्यूमोनिया झालाय म्हणायचं." चौथ्या महिन्यात ताईचा खोकला थांबला, गाल भरले. त्याच सुमारास तिला स्थळ आले. पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून गोळ्या पिठाच्या डब्यामागे गेल्या, आणि तिथेच राहिल्या. लग्न झाले. वर्षाच्या आत ताई पुन्हा खोकू लागली. "आम्हाला फसवलंत," असे म्हणून सासरच्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडले.

१९८९ च्या पावसाळ्यात ताई गेली. शेवटपर्यंत ती लाल दोऱ्याच्या कपातूनच चहा प्यायली. मी पंधरा वर्षांची होते. तो कप मी हात लांब करून तिच्यापुढे सरकवीत असे. ती काही बोलत नसे. फक्त माझा हात मागे येईपर्यंत कपाला हात लावीत नसे.

ही गोष्ट मी आजवर कुठे सांगितली नाही. आज लिहिते आहे, कारण तो कप पुन्हा एकदा माझ्या हातात आला होता.

२०१९ साली माझ्या सुनेला टीबी निघाला. लग्नाला आठ महिने झाले होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "माहेरी पाठवून द्या, बरी झाली की आणा." आमचे हेही म्हणाले, "चार-सहा महिन्यांचाच प्रश्न आहे." मी काही बोलले नाही. स्वयंपाकघरात गेले आणि मांडणीवरचा एक कप उचलून बाजूला ठेवला. कुणी सांगितले नव्हते. माझ्या हातानेच ते केले. कप ठेवला आणि मला ताईचा तो थांबलेला हात दिसला.

माझी आई सांगत असे, गावी तिला वरून ओतलेले पाणी ओंजळीत झेलून प्यावे लागे. भांड्याला तोंड लावायची सोय नव्हती. मुंबईत गिरणी आली, तरी विणकाम खाते आपल्या लोकांना बंद होते. तिथे पगार जास्त होता. पण धोट्यातल्या बाबिनीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या लोकांच्या तोंडाचा इतरांना विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलून धरला होता. त्याच्या आदल्या वर्षी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. दर वर्षी २० मार्चला आम्ही चाळीत सभा घ्यायचो, भाषणे ऐकायचो. आणि घरी येऊन ताईला वेगळ्या कपात चहा द्यायचो. त्यात विसंगती आहे, हे आम्हाला कधी सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुनेबरोबर दवाखान्यात गेले आणि डॉक्टरीणबाईंना सरळ विचारले, "कप वेगळा ठेवायचा का?" त्या म्हणाल्या, "कप नका वेगळा ठेवू, खिडकी उघडा." हा आजार कपबशीतून पसरत नाही. हस्तांदोलनाने, कपड्यांनी पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो, तेव्हा जंतू हवेत जातात आणि कोंदट खोलीत तरंगत राहतात. ताईचा कप आम्ही वेगळा ठेवला, आणि खिडकीवर कपाट टेकवून सगळे एकाच हवेत झोपलो.

रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाने बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी टीबीचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. महाडच्या दिवसानंतर अवघ्या चार दिवसांनी तो येतो. १९५६ पासून मद्रासमध्ये एक मोठा प्रयोग झाला. गरीब वस्तीतल्या काही रोग्यांना रुग्णालयात ठेवले, काहींना घरीच औषध दिले. १९५९ मध्ये निष्कर्ष आला, की घरी औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना आजार जास्त झाला असेही नाही. म्हणजे ताईच्या आजाराच्या सत्तावीस वर्षे आधी हे सिद्ध झाले होते. आमच्या चाळीपर्यंत ते पोचले नव्हते.

सुनेला माहेरी पाठवले नाही. कपाट हलवून खिडकी उघडली. पहिले काही आठवडे ती तोंडाला रुमाल बांधून खिडकीजवळ झोपली. औषध नियमित सुरू झाले की काही आठवड्यांत रोगी दुसऱ्याला लागण देण्याचे प्रमाण झपाट्याने कमी होते. उपचार सहा महिन्यांचा होता. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. लघवी लालसर झाली तेव्हा ती घाबरली. औषधाचाच रंग तो, घाबरायचे नाही, हे आरोग्यसेविकेने समजावले. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "आई, आता मला बरं वाटतंय, गोळ्या कशाला?" मी तिला ताईची गोष्ट सांगितली. तिने एकही दिवस चुकवला नाही. गोळ्या मधेच सोडल्या की उरलेले जंतू औषधाला दाद देत नाहीत, आणि मग उपचार फार अवघड होतो.

दुसरी गोष्ट ताटाची. टीबी अर्धपोटी शरीरावर लवकर हल्ला करतो. झारखंडमध्ये रोग्यांच्या घरच्यांना महिन्याचे जादा धान्य आणि डाळ देऊन पाहिले. त्या घरांत नवे रोगी सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या घरी सर्वांत शेवटी जेवणारी ताईच आजारी पडली, हे मला ते वाचून उमगले. आता आमच्याकडे सूनबाई सर्वांबरोबर ताटावर बसते.

तथागतांची एक कथा आपण विहारात ऐकतो. एक भिक्खू जुलाबाने आजारी होता, स्वतःच्या घाणीत पडून होता. कुणी जवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. नंतर भिक्खूंना म्हणाले, तुम्हाला इथे ना आई ना बाप, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाहीत तर कोण पाहील? कथा ऐकून आपण साधू साधू म्हणतो. घरी गेल्यावर काय करतो, तो प्रश्न आहे.

माझ्या भगिनींनो, घरात कुणाला दोन आठवड्यांवर खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, रात्री घाम येत असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषध फुकट आहे. साखरेचा आजार असेल तर टीबीचा धोका दोन-तीन पटीने वाढतो, म्हणून साखरही तपासा. रोग्याच्या घरातल्या लहान मुलांनाही दाखवा. खुराकासाठी सरकार रोग्याच्या खात्यात पैसे जमा करते. २०१८ मध्ये महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले. ते मागायला लाजू नका. आणि मुलीचे लग्न ठरत असेल तर आजार लपवू नका. बरा झालेला टीबी हा डाग नाही. अर्धवट सोडलेला टीबी मात्र जीव घेतो.

त्या दिवशी बाजूला ठेवलेला कप मी पुन्हा मांडणीवर ठेवला. संध्याकाळी सुनेने चहा केला, सर्वांना दिला. कुठला कप कुणाचा, हे मी पाहिले नाही.

जयभीम.