आधी बोर्ड, मग डायग्राम

दुरुस्तीला आलेल्या सर्किटचा छापील डायग्राम मी आधी बाजूला ठेवतो. पहिल्यांदा बोर्ड वाचायचा. ट्रॅकवरून मल्टिमीटरचं टोक फिरवत जे खरोखर जोडलेलं आहे ते कोऱ्या कागदावर उतरवायचं, आणि मगच छापील कागद शेजारी घ्यायचा. ही शिस्त महाडच्या पुराने लावली. २०२१च्या जुलैत सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानातल्या डायग्रामांचा लगदा झाला, आणि लगोलग चिखलाने भरलेले इन्व्हर्टर दुरुस्तीला येऊ लागले. बोर्ड हाच तेव्हा एकमेव कागद होता.

पोलादपूरकडच्या एका लोहाराचा मुलगा घरी बनवलेला इंडक्शन हीटर घेऊन आला, तेव्हा ही शिस्त फार कामी आली. गाडीच्या जुन्या पाट्यापासून घडवलेल्या कोयत्याची धार कोळशाऐवजी विजेवर तापवावी आणि तिला पाणी द्यावं, एवढाच त्याचा हेतू. अशा हीटरमध्ये दोन मॉस्फेट आलटून पालटून चालू-बंद होतात, तांब्याची कॉईल आणि कपॅसिटर मिळून लय धरतात. १ मायक्रोहेन्रीची कॉईल आणि २ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतील, तर ही लय सेकंदाला सुमारे १ लाख १२ हजार आवर्तनांची. कॉईलमध्ये धरलेल्या लोखंडात त्यामुळे भोवरे प्रवाह उठतात आणि ते स्वतःच तापतं. पण याच्या हीटरचा सप्लाय जोडला की फ्यूज उडत होता.

त्याच्याकडच्या डायग्राममध्ये मधोमध टॅप काढलेली कॉईल होती आणि एकच चोक. बोर्डावर मात्र बिनटॅपची कॉईल आणि दोन चोक. दोन्ही रचना आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकीचा कागद घेऊन दुसरीतला दोष शोधता येत नाही. डायग्राममध्ये २०० व्होल्टचा आयआरएफपी २५० होता. बोर्डावर जुन्या इन्व्हर्टरमधून काढलेले झेड ४४, म्हणजे ५५ व्होल्टचे. या सर्किटमध्ये मॉस्फेटवर सप्लायच्या साधारण ३.१४ पट व्होल्टेज चढतं. १२ व्होल्टला ते ३८ होतं, झेड ४४ तगतो. २४ व्होल्टला ७५ होतं, आणि तो जातो. डायोडचंही तसंच. कागदावर यूएफ ४००७, बोर्डावर साधा ४००७. दिसायला दोघे सारखे, पण साधा डायोड बंद व्हायला कित्येक मायक्रोसेकंद घेतो आणि इथे अख्खं आवर्तनच ९ मायक्रोसेकंदांचं.

तरीही फ्यूज उडण्याचं कारण यांपैकी एकही नव्हतं. अशा वेळी आम्हा दुरुस्तीवाल्यांचा हात सवयीने सिरीज बल्बकडे जातो. या सर्किटला तो चकवतो. सप्लाय झटकन पूर्ण चढला नाही तर लय धरतच नाही, दोन्ही मॉस्फेट एकदम चालू राहतात आणि बल्ब भक्क पेटतो. चांगला बोर्डही शॉर्ट असल्यासारखा दिसतो. म्हणून सप्लाय आधी चालू करून, मग फ्यूजमधून स्विचने जोडायचा.

मल्टिमीटरही इथे सरळ उत्तर देत नाही. दोन्ही मॉस्फेटचे ड्रेन कॉईलने एकमेकांना जोडलेले असतात, शिवाय दोन चोकांमधूनही. त्यामुळे बीप वाजणारच. कॉईल सोडवली, एका चोकचा पाय उचलला, तरी बीप थांबेना. मग नजर हीटसिंकवर गेली. मॉस्फेटची धातूची पाठ म्हणजेच ड्रेन, आणि दोन्ही मॉस्फेट एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर अभ्रकाशिवाय स्क्रूने आवळलेले! लय धरायची ती जागाच शॉर्ट झालेली. डायग्राममध्ये हीटसिंक काढत नाहीत, म्हणून हा दोष कितीही कागद वाचला तरी सापडला नसता.

अभ्रक आणि स्क्रूला प्लास्टिकचे बुश घातले, डायोड बदलले. झेड ४४ च्या जागी आयआरएफपी २५० बसवले; त्यांचे पाय रुंद अंतरावर असतात, ते जाड तारेने जोडून घेतले. गेटवर १२ व्होल्टचे झेनर आहेत याची खात्री केली, कारण गेट २० व्होल्टच्या पुढे सोसत नाही. मग २४ व्होल्टवर पाट्याचा पातळ तुकडा कॉईलमध्ये धरला. तो लाल होत गेला आणि अ‍ॅमीटरचा काटा एकाएकी खाली आला. साधारण ७७० अंशांना लोखंडाचं चुंबकत्व जातं, म्हणून हीटर कमी करंट ओढतो. त्याचे वडील रंगावरून जी वेळ ओळखतात, तिची चाहूल इथे काटाही देत होता.

मुलाने नंतर आपल्या बोर्डाचा डायग्राम स्वतः काढला, हीटसिंक आणि अभ्रकासकट, आणि डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. घरी सर्किट जोडणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावंच. दुसऱ्याचा डायग्राम त्याच्या बोर्डाची हकिगत सांगतो; आपल्या बोर्डाची हकिगत आपणच लिहावी लागते, आणि ती लिहिताना निम्मे दोष तिथेच सापडतात.