तेरच्या पांढरीतले मणी

धाराशिवहून साधारण वीस किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. वारकऱ्यांना ते ठाऊक आहे गोरोबाकाकांच्या समाधीमुळे, तर इतिहासाच्या अभ्यासकांना 'तगर' या नावाने. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून अकीक आणि तगरहून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जाते, असा उल्लेख आहे. ते कापड केव्हाच विरून गेले. मणी मात्र उरले.

जुन्या वस्तीच्या मातीला आपल्याकडे पांढर म्हणतात. तेरला अशी पांढरीची टेकाडे आहेत. पावसाने माती वाहिली की खापरे उघडी पडतात, त्यांत एखादा मणीही सापडतो. अशा वस्तू गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमवल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरला आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे, पण तिच्यासाठी जाणाऱ्याने मण्यांपाशीही थोडे थांबावे.

दगड, काच, शंख आणि भाजलेली माती असे त्यांचे प्रकार. सगळ्यांत गरीब तो मातीचा मणी. मळलेल्या मातीची गोळी काडीभोवती वळायची, ओली असतानाच तिच्यावर रेघा कोरायच्या, वाळवून भाजायची. दख्खनच्या सातवाहनकालीन वस्त्यांत सुपारीच्या आकाराचे असे मणी भरपूर मिळतात. सोने न परवडणाऱ्या घरातल्या बाईलाही गळ्यात काही घालावेसे वाटत होतेच की!

हल्ली शहरांतल्या छंदवर्गांत 'पॉलिमर क्ले'चे मणी करतात. नावात क्ले असली तरी ती माती नव्हे, प्लॅस्टिकच. पण तिची नक्षी पाहून गृहिणींना अळूवडी आठवेल. रंगीत पट्ट्या एकावर एक ठेवून वळकटी करायची आणि काप काढायचे. प्रत्येक कापात तेच फूल! काचेच्या रंगीत कांड्या एकत्र वितळवून असेच काप काढण्याची युक्ती रोमन काळातले कारागीर जाणत होते. फरक भाजण्याचा. प्लॅस्टिकच्या मण्याला घरच्या ओव्हनची सुमारे १३० अंशांची ऊब पुरते. मातीच्या मण्याला सहाशे अंशांच्या पुढची धग लागते, नाहीतर तो पाण्यात विरघळतो. कच्चे मडके आणि पक्के मडके यांतला भेद गोरोबांच्या गावाला वेगळा सांगायला नको.

टेकाडावर फिरताना मणी दिसला, तर तो खिशात घालण्याचा मोह होतोच. पण उचललेला मणी नुसती शोभेची वस्तू होतो. तो कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी पडला होता यावरूनच त्याचा काळ कळतो. तेरला १९५८ मध्ये उत्खनन झाले ते असे थर वाचण्यासाठीच. म्हणून मणी दिसल्यास जागा नीट लक्षात ठेवावी, तो हलवू नये आणि संग्रहालयात जाऊन सांगावे.

परतताना त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ अवश्य पाहावे. मुळात ते बौद्ध चैत्यगृह होते, असे अभ्यासक मानतात. त्या विटाही तेरच्या भाजल्या मातीच्याच.