घडीची ओळख

प्रथिनांच्या रचना पडद्यावर एकमेकींवर बसवून पाहणं, हे माझं रोजचं काम. अमिनो आम्लांचा क्रम वाचून जे नातं कळत नाही, ते साखळी कशी दुमडली आहे ती घडी पाहिली की कळतं. मिक्झोमा विषाणूचं एम११एल हे प्रथिन मला त्यासाठीच फार आवडतं.

हा विषाणू म्हणजे युरोपीय सशांचा काळ. १९५० मध्ये ऑस्ट्रेलियात सशांचा उपद्रव आवरायला तो मुद्दाम सोडला होता. संसर्गाची चाहूल लागली की पेशी स्वतःला संपवू पाहते. बॅक आणि बॅक्स ही प्रथिनं तंतुकणिकेच्या बाह्य आवरणाला छिद्रं पाडतात, सायटोक्रोम सी बाहेर पडतं आणि शेवट सुरू होतो. पेशी लवकर मेली तर विषाणूची वाढ खुंटते. म्हणून एम११एल बॅकला धरून ठेवतं. आपल्या पेशींत मृत्यू रोखण्याचं हे काम बीसीएल-२ आणि बीसीएल-एक्सएल ही प्रथिनं करतात. तरीही त्यांचा आणि एम११एलचा क्रम जुळवायला घेतला, तर हाती काही लागत नाही. २००७ मध्ये एम११एलची रचना उलगडली आणि घडी तीच निघाली: मधोमध जलविरोधी सर्पिल, म्हणजे हेलिक्स, भोवती इतर हेलिक्स, पृष्ठभागावर लांबट खाच. नावगाव बदललेला भाऊबंद चालीवरून ओळखावा, तसं.

रचना बसवल्या की संगणक अणूंमधल्या अंतराची सरासरी सांगतो. मी त्या आकड्यावर थांबत नाही, खाचेत उतरते. बीसीएल-एक्सएलच्या खाचेत बॅकचा छोटा हेलिक्स बसतो. त्याच्या एका अंगाची ल्युसिनसारखी जलविरोधी आम्लं आत रुततात आणि त्याच्या अ‍ॅस्पार्टेटला खाचेतलं १३९ क्रमांकाचं आर्जिनिन धरतं. पकड अशी एकेका आम्लावर ठरते.

ही खाच अडवून कर्करोगाच्या पेशीला मरू देणाऱ्या औषधाचं भवितव्यही तिथेच ठरतं. एपस्टाइन-बार विषाणूच्या बीएचआरएफ१ची घडी याच घराण्यातली, पण बीसीएल-एक्सएलच्या खाचेत घट्ट बसणारं एबीटी-७३७ हे संयुग तिथे पकड घेत नाही. आपल्या प्रथिनांतही हा भेद जपावा लागतो. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) बीसीएल-एक्सएलच्या जोरावर जगतात, त्यामुळे ते अडवणाऱ्या नॅव्हिटोक्लॅक्स या औषधाने रुग्णांच्या बिंबिका घटल्या. बीसीएल-२ तेवढं निवडून धरणारं व्हेनेटोक्लॅक्स २०१६ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या एका कर्करोगासाठी मंजूर झालं.

म्हणूनच शिकायला येणाऱ्यांना मी सांगते, दोन प्रथिनं सारखी दिसली की काम संपत नाही. ती नेमकी कुठे वेगळी आहेत, ते शोधा. रुग्णाच्या उपयोगाचं जे काही आहे, ते तिथे सापडतं.