अंधाराचा आश्रय

लपून राहण्याची विद्या निसर्गाने प्राणिमात्राला मुक्तहस्ताने दिली आहे. उंदीर बिळात लपतो, घुबड ढोलीत लपते, आणि गृहस्थ सकाळच्या प्रहरी वर्तमानपत्राच्या आड लपतो. परंतु दिवस उजाडताच समुद्रात दीड-दोन हजार फूट खोल जाऊन राहणाऱ्या प्राण्यापुढे या सर्वांची विद्या पोरकट ठरेल. असा प्राणी म्हणजे तलवार मासा. लिनियसने 1758 साली त्याचे ‘झिफियस ग्लॅडियस’ असे नामकरण केले. त्यातला एक शब्द ग्रीक तलवारीवरून आलेला, तर दुसऱ्याचा अर्थ लॅटिनमध्ये तलवार असाच. तेव्हा एका म्यानात दोन तलवारी राहत नसल्या, तरी एका नावात राहू शकतात.

हा मासा दिवसा इतक्या खोल का जातो, याचे उत्तर त्याच्या अन्नात सापडते. माकूल आणि खोल पाण्यातले इतर जीव उजेड टाळण्यासाठी दिवसा खाली उतरतात व रात्री वर येतात. त्यांच्यामागोमाग याचीही ये-जा चालते. खाली थंडी कडाक्याची आणि प्रकाश नावापुरता. परंतु याच्या डोळ्याजवळच्या एका स्नायूची निसर्गाने जणू शेगडीच बनविली आहे. हा स्नायू उष्णता निर्माण करतो आणि डोळे व मेंदू भोवतालच्या पाण्याहून दहा-पंधरा अंशांनी अधिक ऊन ठेवतो. फ्रान्सिस केरी यांनी 1982 साली ही गोष्ट उजेडात आणली. आणि उबदार डोळ्याला चपळ हालचाल अधिक चांगली टिपता येते, हे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखविले. रक्त थंड, परंतु दृष्टी मात्र उबदार! कित्येक तत्त्वज्ञांनी हेवा करावा अशीच ही रचना आहे.

या माशाची दिवसाची शिकार मी पाहिली ती फ्लोरिडात नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या भाच्यामुळे. “मामा, एक दिवस समुद्रावर चला,” असा त्याने आग्रहच धरला, आणि इस्लामोराडा या बेटावरून दिवसाच्या भाड्याने मिळणाऱ्या एका होडीत आम्ही बसलो. किनारा दिसेनासा झाल्यावर कप्तानाने होडीचे तोंड गल्फ स्ट्रीमच्या प्रवाहाविरुद्ध वळविले. हा प्रवाह तेथे एखाद्या महानदीसारखा वाहतो. त्याला तोंड देत होडी फार मागे जाऊ न देणे, यातच चालविणाऱ्याचे कसब. मग खलाशाने गळाला आमिष शिवले, दोराला इवलासा दिवा आणि सुमारे दहा पौंडांचे वजन बांधले आणि ते सारे पाण्यात सोडले. तळ गाठावयास त्याला कित्येक मिनिटे लागली. एवढा दोर हाताने ओढणे कोणाच्याही बाहूंना जड. म्हणून रीळ विजेवर फिरणारे होते.

यानंतर आम्ही सर्वजण काठीच्या टोकाकडे पाहत बसलो. लाटांबरोबर ते टोक खाली-वर होत असे; एखाद्या सभेत डुलक्या घेणाऱ्या अध्यक्षांचीच मला आठवण झाली. यातली कोणती मान झोपेची आणि कोणती संमतीची, हे ओळखणे हीच या शिकारीतली खरी विद्या. कारण एवढा बलाढ्य मासा गळाला लागला तरी वर केवळ एक बारीकसा थरकाप पोचतो. दीड हजार फूट खाली उत्तम दृष्टीचा एक प्राणी आणि वर टोकाकडे टक लावून बसलेली आम्ही आंधळी माणसे!

दुपारी तो थरकाप आला. विजेचे रीळ गुणगुणू लागले आणि बऱ्याच वेळाने निळ्या पाण्यात एक रुपेरी-जांभळी आकृती वर येताना दिसली. खलाशाने मासा होडीच्या कडेला धरला आणि त्याचे माप घेतले. तेथील कायद्याप्रमाणे खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत लांबी निदान 47 इंच भरली पाहिजे. ही चार बोटे कमी भरली. त्याचा तो मोठा निळा डोळा क्षणभर आमच्याकडे पाहत होता. एवढा प्रकाश त्याने क्वचितच पाहिला असेल. खलाशाने गळ सोडविला आणि मासा खाली नाहीसा झाला. भाच्याचा चेहरा उतरला; पैसे तर पुरे मोजावयाचे होते. कप्तान हसून म्हणाला, “काळजी करू नका. तो घरीच गेला आहे, आणि पत्ता मला ठाऊक आहे.”

हे शब्द माझ्या मनात घोळत राहिले. 1967 साली ‘अल्विन’ नावाची संशोधनाची पाणबुडी सुमारे दोन हजार फुटांवर असता एका तलवार माशाने तिच्यावर चाल केली. त्याची तलवार सांध्यात अडकून बसली, आणि पाणबुडीबरोबर वर आलेल्या त्या वीराचे शेवटी संशोधकांच्या ताटात विसर्जन झाले. तरीही हौशी शिकारी फ्लोरिडात त्याच्यासाठी रात्रीच जात; दिवस त्याचा स्वतःचा होता. पुढे मैलोगणती दोरांना शेकडो गळ लावणाऱ्या व्यापारी बोटींनी त्याची संख्या इतकी घटविली की, 1998 साली अमेरिकेतील अनेक नामांकित आचाऱ्यांनी त्याला आपल्या पाकशाळेतून रजा दिली. 1999 साली उत्तर अटलांटिकासाठी राष्ट्राराष्ट्रांत दहा वर्षांची योजना ठरली. 2001 साली फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर ते लांब दोर बंद झाले. आणि 2009 साली मासा पुन्हा सावरल्याचा निर्वाळा मिळाला. याच काळात, 2003 च्या सुमारास, इस्लामोराडाच्या नाविकांनी त्याला दिवसाढवळ्या तळाशी गाठण्याची युक्ती साधली, आणि त्याचा शेवटचा आडोसाही गेला.

ज्ञानाला मागे फिरता येत नाही. एकदा कळलेला पत्ता विसरता येत नाही. परंतु शेजाऱ्याचा पत्ता ठाऊक असला म्हणून आपण वाटेल त्या वेळी त्याच्या दाराची कडी वाजवीत नाही. आजवर या माशाचे रक्षण आपल्या अज्ञानाने केले, आणि त्याबद्दल आपल्याला काहीही मोजावे लागले नाही. आता ते काम संयमाला करावयाचे आहे, आणि संयमाला किंमत पडते: कधी पुरे भाडे देऊन रिकाम्या हाताने घरी यावे लागते. शतकानुशतके जो आश्रय अथांग अंधाराने दिला, तो आता 47 इंचांच्या एका फितीने द्यावयाचा आहे. फीत आखूड खरी. परंतु ती धरणारा हात प्रामाणिक असला, तर तेवढी खोली पुरे होते.