लेकीचा कोर्स निवडताना

बी.एस्सी. झाल्यावर आमच्या थोरलीनं सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकायचं ठरवलं, तेव्हा मालवणात आम्हाला विचारायला माहितगार कुणी नव्हतं. पुण्याच्या एका ऑनलाइन क्लासनं फोनवरच '१०० टक्के नोकरी' सांगितली. फी ७०,००० रुपये, नसतील तर हप्ते. कागद वाचले, तर हप्ते म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्ज, तेही लेकीच्या नावावर. क्लास मध्येच सोडला तरी फेडायचंच. व्याजाचा पैसा आम्ही घरात कधी घेतला नाही. विषय तिथंच मिटला.

मग आम्ही सगळेच अभ्यासाला बसलो. आयएसटीक्यूबीच्या पायाभूत परीक्षेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट मिळतो. परीक्षेत ४० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला २६ बरोबर हवेत. आपोआप चाचणी घेणारं सेलेनियमही मोफतच. अभ्यासक्रम छापून समोर ठेवला नि दुसऱ्या क्लासला विचारलं: शिकवणारे स्वतः हे काम करतात का? मुलांकडून दोषांचे अहवाल लिहून घेता का? आधी एक तास बसून पाहू का? (हे विचारताना फी विचारण्यापेक्षा जास्त संकोच वाटला.) ते म्हणाले, "बसा की."

दुसऱ्याच आठवड्यात लेकीनं तिच्या अब्बांच्या मासळीच्या हिशेबात उणे पाच किलो सुरमई टाकली. संगणकानं ती मुकाट्यानं घेतली.

"अब्बा, हा दोष."

"म्हणजे गेल्या महिन्याची तूट ही होती तर!"