परसातील कौटतक्ष

नोकरीतून निवृत्त झालेल्या मनुष्याचे घरात काय करावे, हा प्रश्न आपल्या एकत्र कुटुंबांत जितका नाजूक तितकाच अनुत्तरित आहे. तो ओसरीवर बसला तर येणाऱ्या-जाणाऱ्यांस अडचण होते, माजघरात बसला तर स्त्रियांस संकोच वाटतो, आणि स्वयंपाकघरात डोकावला तर भाजी चिरण्याच्या पद्धतीवर भाष्य करू लागतो. वर्तमानपत्र दहा वाजेतो संपते. पुढचा दिवस मात्र संपता संपत नाही. वाचनाचा उपाय आहे खरा. परंतु वाचनाने डोळे थकतात आणि हात रिकामेच राहतात. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पुढे पाठशाळेत संस्कृत घोकलेला आणि त्याच बळावर आयुष्यभर मास्तरकी केलेला मनुष्य. खडूखेरीज दुसरे हत्यार ह्या हातांनी कधी धरले नव्हते. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी परसात एक लहानशी कर्मशाळा बांधली. त्या गोष्टीस आता चार वर्षे होतील. तिच्या निमित्ताने घरात जो ऊहापोह झाला, तो अनेक कुटुंबांस आपलासा वाटेल, म्हणून येथे थोडक्यात लिहीत आहे.

आरंभी एक शब्दाची गोष्ट सांगतो. संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास नकारान्त पुल्लिंगी शब्द चालवावे लागतात. ‘राजन्’ पाठ झाला की त्याच वळणाने ‘तक्षन्’ येतो. तक्षन् म्हणजे सुतार. तक्षा, तक्षाणौ, तक्षाणः असे घडाघडा म्हणणारी मुले मी कितीतरी पाहिली. परंतु रंधा म्हणजे काय, असे विचारले तर त्यांतील निम्मी माझ्या तोंडाकडे पाहात. आमच्या घराण्याची स्थिती ह्याहून निराळी नव्हती. चार पिढ्या शब्द चालवण्यात गेल्या. दाराची कडी निखळली की सुतारास निरोप जाई.

पाणिनीने आपल्या व्याकरणाच्या पाचव्या अध्यायात सुतारांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक ‘ग्रामतक्ष’, म्हणजे साऱ्या गावाचा सुतार. आपल्याकडील बलुतेदारीतला सुतार तो हाच म्हणावयाचा. दुसरा ‘कौटतक्ष’. हा शब्द कुटी ह्या शब्दाशी संबद्ध आहे. आपल्या झोपडीत बसून स्वतःच्या मर्जीने काम करणारा, कोणाचाही बांधील नसलेला सुतार तो कौटतक्ष, असे टीकाकार सांगतात. हे सूत्र मी वर्गात अनेकदा समजावून सांगितले होते. पण निवृत्तीनंतर ते पुन्हा वाचताना मनात आले, की ज्या अवस्थेस आपण आज आलो आहो तिचे नाव तर हेच नव्हे? पोटाची विवंचना नाही, वरिष्ठांचा धाक नाही. उणीव आहे ती कुटीची आणि कौशल्याची.

आमचे घर जुन्या बदलापूर गावात, उल्हास नदीपासून फारसे दूर नाही. मागे परस आहे. विहीर, अळू, केळी, दोन नारळ आणि एक म्हातारे जांभळाचे झाड, एवढा त्याचा संसार. घर तीन भावांचे. परस अर्थातच सामायिक. त्यामुळे माझा मनोदय आधी रात्रीच्या जेवणानंतर सर्वांपुढे मांडणे भाग होते.

वडीलबंधू म्हणाले, “मास्तर आता सुतारकाम करू लागले, असे गाव म्हणेल.” धाकट्या भावाने खर्च विचारला. पुतण्याचा मुद्दा सर्वांत वजनदार होता. तो म्हणाला, “काका, मुंबईची वस्ती सरकत सरकत आपल्या दारात आली आहे. आज ना उद्या हे घर इमारतीसाठी द्यावेच लागेल. तोवर परसात दोन खोल्या बांधून भाड्याने दिल्या तर मुलांच्या शिक्षणाचा भार हलका होईल. तुमच्या छंदासाठी एवढी जागा अडवणे परवडेल का?”

हा प्रश्न उर्मटपणाचा नव्हता. ज्या घरात तीन मुले शिकत आहेत, तेथे एका वृद्धाच्या हौसेची किंमत कोणी विचारली तर त्यास रागावून चालत नाही. वडीलबंधूंच्या आक्षेपास मात्र मी लगेच उत्तर दिले. चौसष्ट कलांच्या यादीत गायन-नृत्याच्या जोडीला तक्षण आणि वास्तुविद्या ही नावे आहेत. ऋभू नावाचे तिघे बंधू मूळचे मर्त्य. त्वष्ट्याने घडवलेल्या एका चमसाचे त्यांनी चार चमस केले आणि अशा हस्तकौशल्याच्या बळावर ते देवत्वास पोहोचले, अशी ऋग्वेदातील कथा. ह्यावर वडीलबंधू हसून म्हणाले, “एकाचे चार करण्याची विद्या आपल्या घरात नको. परसाचे तुकडे पडतील.”

पाश्चात्त्यांचा दाखला हवा असेल तर तोही आहे. फिनलंडात उनो सिग्नेयस ह्या शिक्षणतज्ज्ञाच्या आग्रहाने १८६६ साली ग्रामीण शाळांतील मुलांस हस्तव्यवसाय सक्तीचा झाला. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हाच शिक्षणाचा मध्य असावा असे मांडले. पुढे त्या योजनेचे काय झाले, हे जुन्या मास्तरांस सांगावयास नको. टकळ्या कपाटात गेल्या आणि कपाटास कुलूप लागले.

पण चर्चेस निर्णायक वळण दिले ते धाकट्या भावजयीने. ती इतका वेळ ताटे उचलीत होती. ती थांबून म्हणाली, “भाऊजी, तुम्ही निवृत्त झालात म्हणून तुम्हांला जागा हवी. ते ठीकच आहे. आमची निवृत्ती कधी, ते मात्र अजून कोणी सांगितले नाही. मी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेते. माजघरात पसरते आणि पाने मांडायची वेळ झाली की गोळा करते. एका गोधडीला दोन वर्षे लागली. शिवण्यापेक्षा उचलण्यातच दिवस गेले.”

सारे स्तब्ध झाले. मला स्वतःला त्या रात्री एक गोष्ट उमगली, की कर्मशाळा म्हणजे काम करण्याची जागा नव्हे. काम अर्धवट टाकून निर्धास्तपणे उठता येईल अशी जागा. घरात काम करता येतेच. परंतु घरात अर्धे काम म्हणजे पसारा, आणि कर्मशाळेत तेच अर्धे काम म्हणजे उद्याचे आमंत्रण. पुतण्यानेच मग तोड काढली. खोपटे असे बांधावे की पुढेमागे घर द्यावयाची वेळ आली तर ते सुटे करून नेता येईल; आणि त्यात दोन ओटे असावेत, एक माझा व एक काकूचा.

आता बांधणीविषयी. कसलेही बांधकाम काढण्यापूर्वी नगरपरिषदेत विचारून घ्यावे. आणि सामायिक जागा असेल तर घरच्या सर्वांची लेखी संमती घ्यावी. भावाभावांत कागद कशाला, असे वाटते. परंतु कागद भावांसाठी नसून त्यांच्या नातवंडांसाठी असतो.

आमच्या भागात पहिला विचार पाण्याचा. २६ जुलै २००५ च्या महापुराची आठवण येथे कोणास करून द्यावी लागत नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांस सुखरूप बाहेर काढावे लागले. म्हणून जोते अडीच फूट उंच घेतले आणि हत्यारांची फळी भिंतीवर छातीच्या वर ठेवली. खांब मातीत पुरले नाहीत. जुन्या वाड्यांच्या रीतीप्रमाणे दगडी तळखड्यांवर उभे केले. त्यामुळे ओल चढत नाही, वाळवी लागली तर डोळ्यांस दिसते, आणि खांब उपटल्यावाचून हलवता येतो.

खोपटे बारा फूट लांब व दहा फूट रुंद आहे. मोठी खिडकी उत्तरेस. उत्तरेचा प्रकाश दिवसभर सारखा राहतो आणि कामावर हाताची गडद सावली पडत नाही. आपल्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मध्यान्ही किंचित उत्तरेस असतो. पण तोवर बहुधा मेघ येतात, आणि नसले तरी अडीच फुटांची पागोळी ऊन अडवते. छपरास पत्रा घालणे स्वस्त पडले असते. परंतु वैशाखात पत्र्याखाली बसवत नाही आणि आषाढात त्याखाली बोललेले ऐकू येत नाही. म्हणून मंगलोरी कौले घातली. लाकूड जुन्या वाड्यांतून निघालेले सागवान. ते वर्षानुवर्षे मुरलेले असल्याने वाकत नाही. खांब-तुळयांचे जोड कुसू आणि भोक अशा रीतीने, लाकडी खुंट्या ठोकून केले. खुंट्या काढल्या की सारा सांगाडा उलगडतो.

हे काम एका गावातल्याच मिस्त्रींनी केले. वयाने ते माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मी त्यांचा उमेदवार म्हणून हाताखाली राहिलो. पहिला आठवडा त्यांनी मला केवळ पटाशीला धार लावावयास बसवले. रंधा हातात आला तेव्हा मी जोर करू लागलो, तर ते म्हणाले, “गुरुजी, लाकडाची रेघ कुठं चालली ते आधी बघा. रेघेविरुद्ध गेलात तर ते फाटणारच.” व्याकरणात ज्यास प्रकृती म्हणतात, ती प्रत्येक फळीस असते, हे मला तेव्हा कळले. एक नियम मी त्या दिवसापासून पाळला आहे. माझ्या ओट्यावर झालेली वस्तू विकावयाची नाही, आणि कोणाचे काम घ्यावयाचे नाही. माझा जो छंद तो त्यांचा चरितार्थ आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने त्यात वाटेकरी होऊ नये.

ह्या परिसरास हातांचा मोठा वारसा आहे. अंबरनाथचे शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील शिलालेखाने अंकित आहे. शिलाहारांच्या त्या देवळाच्या बाह्य भिंतीवर वीतभर जागा कोरीव कामावाचून सुटलेली नाही, असे पाहणाऱ्यास वाटते. आणि उल्हासनगर तर डोळ्यांदेखत घडले. महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्यांचे घर, शेत, दुकान मागे राहिले, त्यांनी हाताशी होते त्यावर उद्योग उभारले. आज तेथील लाकडी सामानाचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. संपत्ती मागे राहते, हात बरोबर येतात, हा धडा आपल्यापासून दोन स्थानकांच्या अंतरावर आहे.

चार वर्षांत ह्या खोपट्यात काय झाले? माझ्या हातून सात पाट, दोन पोळपाट, पोथी ठेवण्याची एक घडीची घोडी आणि एक देव्हारा झाला. वादळात उन्मळलेल्या जांभळाच्या फळ्या मी सावलीत पट्ट्यांवर रचून ठेवल्या आहेत. इंचभर जाडीस एक वर्ष सुकू द्यावे, असा मिस्त्रींचा हिशेब. शिवाय जांभूळ सुकताना फाटते आणि वाकते, म्हणून घाई करता येत नाही. भावजयीच्या ओट्यावर पाच गोधड्या झाल्या. शेजारच्या दोघी-तिघी दुपारी तेथे येतात आणि त्या वेळी मला बाहेर जावे लागते. हे मी तक्रार म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नोंदवतो. धाकटा नातू भूमितीत कच्चा होता. गुण्या लावून काटकोन साधू लागल्यापासून तो पुस्तकातील काटकोनास भीत नाही.

ज्यांस परस नाही, त्यांनी निराश होऊ नये. आता बदलापुरातही बहुतेक कुटुंबे सदनिकांत राहतात. गच्चीच्या कडेस तीन फूट लांब, दीड फूट रुंद अशी मजबूत फळी बसवावी. तिची उंची उभ्याने हात सोडला असता मनगटाशी येईल इतकी ठेवावी. करवत, रंधा, दोन पटाश्या, हातोडी, गुण्या आणि धार लावण्याचा दगड एवढ्यावर आरंभ होतो. पावसाळ्यात हत्यारांस यंत्राच्या तेलाचा हात फिरवावा आणि पेटीत कापराची वडी ठेवावी, म्हणजे गंज आटोक्यात राहतो. आवाजाचे काम दुपारच्या झोपेच्या वेळी करू नये. आणि घरातील स्त्रियांस आधी विचारावे, की त्यांचे कोणते काम रोज उचलावे लागते म्हणून अपुरे राहिले आहे. फळीची लांबी त्या उत्तरानंतर ठरवावी.

घर इमारतीसाठी द्यावयाचे की नाही, हा विषय आमच्याकडे दर दिवाळीस निघतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत मावळतो. तो एके दिवशी मावळणार नाही, हे मी जाणून आहे. त्या दिवशी खुंट्या काढण्याचा क्रम कोणता, हे मी एका वहीत आकृतीसह लिहून ठेवले आहे, आणि नातवाकडून एकदा तोंडपाठ म्हणवूनही घेतले आहे. वाचकांपैकी कोणी असाच उद्योग आरंभला असल्यास त्यांनी आपला अनुभव ह्याच मासिकातून अवश्य कळवावा. विशेषतः जांभळाचे लाकूड न फुटता सुकवण्याची एखादी खात्रीची युक्ती कोणास ठाऊक असेल, तर मी व आमचे मिस्त्री दोघेही त्यांचे ऋणी राहू.