ळ आणि उधारीची वही

आमच्या घरी रात्रीचं जेवण दिवस असतानाच होतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. पण दिवेलागणीला ओटा पुसून, भांडी पालथी घालून बाई मोकळी झाली, की झोपेपर्यंत तीन-साडेतीन तास हाताशी राहतात. रात्री दहाला जिथे कुकर लागतो तिथे हे तास मिळत नाहीत. आमच्या घरातलं वाचन वाढलं ते या तासांत. माझी दोन मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात, त्यामुळे 'दिवसभर करतात तरी काय?' असं मला मंदिरात, लग्नात, गाडीत सगळीकडे विचारतात. दिवसभराचं मी पुढे सांगतेच. पण खरी शाळा संध्याकाळी भरते आणि तिथे मास्तर कोण हे रोज बदलतं.

सावनेर ओलांडून सौंसरकडे निघालं की बोरगाव लागतं. औद्योगिक वसाहत आहे, कारखान्यांच्या पाळ्या आहेत, बाजूला कापूस आणि संत्र्याचे बगीचे. आमचं किराण्याचं दुकान आहे आणि मागे घर. बोलायला सगळे मराठी. पण १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. त्याआधी नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी होती. म्हणजे आम्ही हललो नाही, राजधानीच उठून गेली! आता २०२३ पासून आमचा जिल्हा पांढुर्णा. तर घरात मराठी, कागदावर हिंदी, असं आमचं दोन चुलींचं घर.

मुलगी तिसरीत असताना तिने वर्गात सणावर निबंध लिहिला. सण आमच्याकडचा सगळ्यात मोठा, पोळा. वही घरी आली तेव्हा प्रत्येक 'ळ' भोवती लाल गोल होता. हिंदीच्या वहीत 'पोला' लिहायला हवं होतं, गुरुजींचं त्यांच्या जागी बरोबरच होतं. पण वर्गात सगळे हसले होते. पोरगी मला विचारते, "आई, आपला ळ खोटा असते का?" त्यानंतर ती घरातसुद्धा केळ्याला केला आणि काळ्याला काला म्हणू लागली.

एका अक्षरासाठी कोणी मुलीला शाळेतून काढत नाही. आम्हीही काढलं नसतं. पण त्याच वर्षी तिचं वाचणं बंद पडलं. भेळीचा कागद उलगडून वाचणारी मुलगी गाइडमधली उत्तरं पाठ करायची, आणि दप्तर ठेवलं की पुस्तकाकडे पाठ फिरवायची. ह्यांनी एका रविवारी विचारलं, "हिला शाळेनं काय दिलं आणि काय नेलं, याचा जमाखर्च मांड बरं." दुकानदार माणूस, दुसरं काय विचारणार! मांडला. वर्ष संपल्यावर तिचं नाव काढलं. याला होमस्कूलिंग म्हणतात आणि असं करणारे पुण्या-मुंबईकडे बरेच आहेत, हे आम्हाला नंतर कळलं.

सगळ्यात जास्त विरोध सासूबाईंनी केला. समाजाचा विरोध मी धरून चालले होते, त्यांचा नाही. त्या काटोलकडच्या, चौथी शिकलेल्या. आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि नवव्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मले चौथीतून काढलं तवा बी हेच म्हणे, घरीच शिकवू. काय शिकवलं? भाकर थापाले. मास्तर घरी आले होते बोलवाले. बाबांनी चहा पाजून वापस पाठवलं. आता तू माह्या नातीले काढतं?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आपल्या समाजात 'घरी शिकवू' या दोन शब्दांखाली किती मुली गाडल्या गेल्या हे कोण नाकारेल? मुलगा असता तर काढला असता का, असंही त्यांनी विचारलं. ते मात्र पुढे आपोआप सिद्ध झालं, कारण धाकट्याला आम्ही शाळेत घातलंच नाही. शेवटी त्यांनी अट घातली. पोरीने दहावीची परीक्षा द्यायची, सरकारी कागद हातात आला पाहिजे. आणि रोज संध्याकाळी ती काय शिकली ते मला वाचून दाखवायचं. ती अट होती म्हणून आमची संध्याकाळ सुरू झाली. मोठ्याने वाचण्याचे फायदे वगैरे आम्ही कुठे वाचलेले नव्हते.

कायद्याचं विचारतात म्हणून सांगते. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य असं त्यात म्हटलं आहे, न घातलं तर पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरी शिकवणाऱ्यांसाठी वेगळं कलमही नाही. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस आहे. चौदा पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, पाच विषय, आणि ते पाच वर्षांत मिळून नऊ संधींमध्ये सोडवता येतात. एवढं माहीत असलं की रात्री झोप लागते.

आता दिवसाचं. सकाळी आजी चौरंगावर शास्त्र ठेवून स्वाध्याय करते, तेव्हा जो उठलेला असेल तो शेजारी बसतो. आपल्याकडे स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यात पहिली वाचना आणि लगेच दुसरी पृच्छना, म्हणजे विचारणं. मला याचं फार अप्रूप वाटतं. पण विचारायचं ते वाचणाऱ्याने, मास्तराने नव्हे! म्हणून आमच्याकडे गोष्ट वाचून झाली की 'यातून काय शिकलास?' असं कोणी विचारायचं नाही. मुलांनी विचारलं तर बोलायचं, नाही तर पुस्तक मिटायचं.

दहाच्या सुमारास नागपूरची दोन वर्तमानपत्रं येतात, लोकमत आणि लोकमत समाचार. एकाच घरची, एक मराठी, एक हिंदी. मोठी एकच बातमी दोन्हींत शोधते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार होते, अलीकडचे आणि सावरगावचे एकमेकांवर दगड मारतात, दरवर्षी कितीतरी डोकी फुटतात. ती बातमी कुठे 'परंपरा' म्हणून येते, कुठे 'जखमी' म्हणून, कोणता शब्द मथळ्यात आणि कोणता शेवटच्या ओळीत, हे ती लाल पेन्सिलने अधोरेखित करते. आजी म्हणते, दगड तो दगडच, दोन्ही भाषेत लागते.

पुस्तकांचं म्हणाल तर गावात पुस्तकांचं दुकान नाही. नागपूरला माल आणायला गेले की हे एक तरी आणतात. 'किशोर' मासिक बालभारती १९७१ पासून काढते, त्याचे जुने अंक मोबाइलवर फुकट मिळतात. भोपाळच्या एकलव्यचं 'चकमक' हिंदीत येतं, आणि ते इतकं चांगलं असतं की हिंदीशी भांडण धरायला जागाच उरत नाही. भांडण हिंदीशी नव्हतंच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर आमच्या घरचा सहावा माणूस. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेलं 'तोत्तोचान' आम्ही सलग तीन वेळा वाचलं. आगगाडीच्या डब्यांत भरणारी टोकियोची ती शाळा ऐकून आजीला आमची छोटी गाडी आठवली. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज, २०१५ पर्यंत सौंसरवरून धावायची. "ते डबे कुठी गेले? मांगून घेतले असते," असं ती अगदी गंभीरपणे म्हणाली. शेवटी युद्धात बॉम्ब पडून ती शाळा जळते, त्या रात्री धाकटा माझ्या पदराला धरून झोपला.

या धाकट्याने आम्हाला घोर लावला. सात वर्षांचा झाला तरी त्याला वाचता येईना. अक्षरं येत, शब्द जुळत नसत. ऐकायला सगळ्यांच्या पुढे; फास्टर फेणेची पानंच्या पानं तोंडपाठ, एक ओळ गाळली तर पकडायचा. पण पुस्तक हातात दिलं की "तूच वाच नं." आठ झाली. दशलक्षण पर्वात दहा दिवस सगळ्या बायका भेटतात, तेव्हा एक काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमच्या चार वर्षाच्या पोट्ट्याले इंग्लिश रायम्स येते, अन् याले आपलं नाव नाही लिहिता येत?" मी हसले आणि घरी येऊन रडले. डोळे तपासून आणले, ठीक होते. कान ठीक. ह्यांनी पहिल्यांदाच म्हटलं, शाळेत घालून पाहू का? आम्ही जूनची मुदत ठरवली. तोवर वाचायला लागला नाही, तर नाव घालायचं.

सासूबाईंनी यात काही मत दिलं नाही. त्यांनी एवढंच सुरू केलं, की दुपारी दुकानात बसताना त्याला शेजारी घ्यायचं आणि उधारीची वही काढायची. चष्मा असून त्यांना बारीक दिसत नाही, त्या नुसत्या बोट ठेवायच्या. "हे कोणाचं खातं आहे रे?" वहीत सगळी ओळखीची माणसं. अमक्या मावशी, तमके काका, कारखान्यातला पाळीवाला दादा. नाव ओळखलं की पुढची ओळ: साखर दोन किलो, चहापत्ती, बाकी इतकी. हे शब्द त्याने हजारदा ऐकलेले. शिवाय कोणाची किती बाकी, हे कळण्यात जी गंमत आहे ती राजा-राणीच्या गोष्टीत नाही. मार्चमध्ये एका दुपारी एक मावशी तेल घ्यायला आल्या, आणि भर गिऱ्हाइकांत आमचे चिरंजीव खणखणीत आवाजात वाचू लागले, "गूळ अर्धा किलो, तूरडाळ एक किलो, मागची बाकी चारशे दहा!" मावशींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हे गल्ल्यावरून उठून त्यांची समजूत घालत होते, आणि मी आतल्या दारात उभी राहून तोंडावर पदर धरला होता. त्या महिन्यात त्याने सगळी वही वाचली, मग मागच्या वर्षीची, मग त्याच्या आजोबांच्या अक्षरातली. जूनपर्यंत तो 'किशोर' घेऊन माळ्यावर जाऊन बसायला लागला. उधारीची वही आता आम्ही कुलपात ठेवतो.

उशिरा वाचणारी सगळीच मुलं अशी वाचायला लागतात असं मी म्हणणार नाही. काहींना खरोखर मदत लागते, ती शोधलीच पाहिजे. माझ्या मुलाला ओळखीची नावं लागली, इतकंच.

मागच्या वर्षी मोठीने पंडिता रमाबाईंवरचं पुस्तक आणवलं आणि संध्याकाळी तेच चाललं. १८५८ चा त्यांचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोक खवळले, तेव्हा ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. पुढे वडील थकले, आणि लेकीला शिकवलं ते आईने, लक्ष्मीबाईंनी, पहाटे उठवून. घरदार सोडून हिंडायचं, देवळात बसून पुराण वाचायचं, त्यावर पोट भरायचं. वीस वर्षांच्या रमाबाईंना १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' म्हटलं ते या फिरत्या घराच्या जोरावर. मी मनात म्हटलं, घ्या, होमस्कूलिंग परदेशी खूळ म्हणणाऱ्यांना दाखवायला बरं झालं. पण मोठीने थांबून पुढचंही वाचलं: दुष्काळात आई, वडील, बहीण उपासमारीने गेली. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पहाटे उठवणारी माय पाहिजे. मायी माय स्वतःच आंगठा लावे."

श्रुतपंचमीला, जेठ महिन्यात, पावसाच्या तोंडावर, आपल्याकडे शास्त्रं काढून झटकून नवी वेष्टनं घालतात. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळीच पुस्तकं अंगणात येतात, फाटक्या 'चकमक'सकट. यंदा त्या पसाऱ्यात बसूनच मोठीचा अर्ज भरला. चौदा पूर्ण झाली. विषय: गणित, विज्ञान, सामाजिक विज्ञान, हिंदी आणि मराठी. माध्यमाच्या रकान्याशी ती थांबली. हिंदीत पुस्तकं मिळणं सोपं, विचारायला माणसं जास्त, पुढे इथेच राहायचं तर उपयोगही जास्त; हे सगळं ह्यांनी तिला समजावून सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तिने आजीला विचारलं. आजी म्हणाली, "मले काय विचारतं, पेपर तुले लिहायचा आहे." तिने मराठी भरलं.

नियम वाचताना तिला आणखी एक ओळ सापडली, ती तिने आजीला मोठ्याने दोनदा वाचून दाखवली. परीक्षेला वयाची वरची मर्यादा नाही, आणि आठवीचा दाखला नसेल तर आपण लिहू-वाचू शकतो असं स्वतः लिहून दिलं तरी चालतं. आजी "हो का" म्हणाली आणि पुस्तकं पुसत राहिली. परवा मोठी आपलं मराठीचं पुस्तक शोधत होती. ते आजीच्या उशाशी निघालं, मोठ्या भिंगासकट, तिसऱ्या धड्यात खूण घातलेलं. आता दोघींची ओढाताण चालते. सकाळचं पुस्तक नातीकडे, दुपारचं आजीकडे, असं सध्या ठरलं आहे.